फोनवाली की तारवाली

२०२५ सालचा वैशाख. हिंगोलीच्या मार्केटात हळदीचा हंगाम जोरात होता. अशा दिवसांत चहाच्या टपरीवर किस्सेही पोत्यांसारखे थप्पीला लागतात. मी चौथी शिकलेला हळदीचा दलाल. थोडक्यात सांगतो.

सगळे किस्से सुमनबाईंचे. एसटीच्या रिटायर कंडक्टर. नवऱ्याच्या दुखण्यात त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले होते. मी "राहू द्या" म्हटलं की अर्धा चहा टाकून उठायच्या! फंडातला थोडा पैसा शेअरमध्ये वाढवून माझं फेडायचं, असं त्यांनी ठरवलं. लेकीनं मोबाइलवर परदेशी शेअरचं खातं उघडून दिलं.

कंपन्या दोन. दोन्ही चिपवाल्या, एकमेकींच्या वैरी. एकीची चिप जास्त करून फोनमध्ये, दुसरीची मोठमोठे कॉम्प्युटर तारेनं जोडायला. आम्ही नावं ठेवली, फोनवाली आणि तारवाली.

मी म्हणालो, "फोनवाली घ्या. मार्केटात फोन नसलेला माणूस दाखवा!"

"तेच तर, दादा. सगळ्यायकडं हाय, मंग नवा घेणार कोण?"

*

हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. म्हणून मोबाइल दुरुस्तीवाल्या रफीककडून एक बंद फोन आणि इंटरनेटचा एक जुना डबा उघडवला. आम्ही दलालांनी चिपा उन्हात धरल्या. एकानं तर वास घेतला!

रफीक म्हणाला, "चाचा, दोन्ही काळ्याच!"

सुमनबाई म्हणाल्या, "माल काय बघता? गिऱ्हाईक बघा."

*

कोणत्या कंपनीचं गिऱ्हाईक कोण, ते त्यांनी मोबाइलवर स्वतः बघितलं. फोनवालीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आता स्वतःच चिप बनवू लागलं होतं.

"एकाच वऱ्हाडानं भरलेली गाडी," सुमनबाई म्हणाल्या. "वऱ्हाड कळमनुरीला उतरलं की पुढं रिकामी."

रफीक म्हणाला, "तारवालीचे पण चार-पाचच बडे गिऱ्हाईक, ताई!"

"व्हय. पण ते एकाच थांब्यावर उतरनार न्हाईत. तरी जपूनच लावते."

तारवाली घेतली.

*

एके सकाळी तारवालीचा भाव कोसळला. मी धावत त्यांच्या घरी गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"इकून टाका!" मी म्हणालो.

"गिऱ्हाईक उतरलं का?"

"न्हाई."

"मंग तुमाला काहून तकलीफ?"

मी पण तांदळातले खडे वेचायला बसलो!

*

दिवाळीच्या तोंडावर भाव चांगलाच चढला. त्यांनी लागतील तेवढेच शेअर विकले आणि टपरीवर सगळ्यांसमोर नोटा माझ्या हातात दिल्या.

"मोजा."

मोजल्या. थोडे जास्त भरले. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"सुट्टे द्या, दादा."

मी टपरीवाल्याकडून सुट्टे आणून दिले. त्यांनी ते मोजून घेतले.