अम्मीच्या कुंडीतला सब्जा

मी बारमागे उभी राहणारी बाई आहे. माणसांना काय काय दिसतं ते मी नेहमी बघते, आणि कशामुळे दिसतं तेही मला ठाऊक असतं. त्यामुळे कुणी भुताखेताची गोष्ट सुरू केली की मी आधी विचारते – कितवा पेग होता? हे लिहितानाही माझं मलाच हसू येतंय. पण त्या रविवारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी मूळची अहमदपूरची. पुण्यात एका इटालियन रेस्टॉरंटच्या बारमध्ये बरीच वर्षं काम केलं, मग आई आजारी पडली म्हणून परत आले. गेल्या हिवाळ्यात आई गेली. अहमदपूरचं भाड्याचं घर सोडलं आणि नांदेडला दोन खोल्या घेतल्या. लग्नात, साखरपुड्यात मॉकटेलचं काउंटर लावते. काउंटरमागे बाई दिसली की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग मेनूकडे. आता त्याचं काही वाटत नाही.

लातूर रोडला एक गार्डन रेस्टॉरंट आहे, परमिटवालं. मालक बालाजीराव. तिथे व्हिस्की आणि शेंगदाणे यापलीकडे कुणी जात नाही. मी त्यांच्या मागे लागले होते – उन्हाळ्यात रविवारी दुपारी फॅमिली येतात, त्यांच्यासाठी इटलीसारखी हलकी, फळांची ड्रिंक्स ठेवू या. शेवटी ते म्हणाले, एक रविवार करून दाखव, जमलं तर काउंटर कायमचं तुझं. नाही जमलं तर मला पुण्याला जावं लागणार होतं, तिथल्या जुन्या रेस्टॉरंटमधून फोनवर फोन येत होते. आणि मला जायचं नव्हतं. का नव्हतं, कोण जाणे... इथे तरी माझं कोण उरलं होतं?

ड्रिंक अगदी साधं. मोसंबीचा ताजा रस, तिचीच साल साखरेत मुरवून केलेला पाक, कडवटपणाला काडेचिराईत भिजवलेलं चमचाभर पाणी, बर्फ, आणि वरून गार फसफसती व्हाइट वाइन. न पिणाऱ्यांना वाइनऐवजी सोडा. शेवटी बेसिलची पानं तळहातावर आपटून ग्लासात सोडायची. बेसिल म्हणजे काही दुर्मीळ वनस्पती नव्हे, आपला सब्जाच. त्याचं बी आपण फालुद्यात घालतो. दर्ग्यापाशी फुलांबरोबर सब्जाच्या जुड्या मिळतात, कबरीवर वाहायला. तिथे शबानाचं फुलांचं दुकान आहे. ती माझ्याच वयाची. पानं मी तिच्याकडूनच घेते. ग्लासात काय काय जातं ते तिला माहीत आहे. नाक मुरडते, पण देते.

त्या रविवारी सकाळी गेले तर तिच्याकडे सब्जाची एक काडी शिल्लक नव्हती. माझा चेहराच पडला असणार, कारण ती मागच्या गल्लीत घरी गेली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मोठा भारा घेऊन आली. वास नेहमीपेक्षा उग्र होता, लवंगेसारखा. कुठून आणलास, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुपारी लॉन भरलं. पहिलं टेबल हदगावच्या एका कापूस व्यापाऱ्याचं. भारदस्त माणूस, मटणाची ऑर्डर दिलेली, सगळं घर सोबत. अर्धा ग्लास झाला आणि ते उठले. बालाजीराव धावले, काही चुकलं का म्हणून. मी तिथेच होते. व्यापारी म्हणाले,

“न्हाई, निघतो. घरी दाराशी ताट झाकून बसलंय कुणीतरी.”

बोलले आणि स्वतःच गोंधळले. बायको, मुलगा, सून, सगळी त्याच टेबलावर होती. घराला कुलूप होतं. पण सूनसुद्धा पर्स घेऊन उभी राहिली. तिच्या ग्लासात तर सोडा होता.

मला वाटलं, असतात एकेक माणसं. मग पलीकडच्या टेबलावरच्या एक प्राध्यापक बाई उठल्या. त्याही सोडावाल्या. त्यांनीही हेच सांगितलं – दार, झाकलेलं ताट, कुणीतरी बसलंय. त्या एकट्याच राहतात, हे मला बालाजीरावांनी मागाहून सांगितलं. त्यानंतर टेबलामागून टेबल उठत गेलं. कुणी भांडलं नाही, कुणाला मळमळलं नाही. ओशाळं हसत, न जेवता, बिलं देऊन निघून गेली माणसं.

बालाजीरावांनी विचारलं, काय घातलंस यात? मी त्यांच्यासमोर अख्खा ग्लास प्यायले. मला काहीच झालं नाही. ना दार, ना ताट. फक्त पाय एका जागी ठरेनात. काउंटरमागे येरझारा घालत राहिले, धुतलेले ग्लास पुन्हा पुसत राहिले. टेन्शन आलंय, दुसरं काय.

लॉन रिकामं झाल्यावर बालाजीराव जवळ आले. ओरडले नाहीत.

“चव चांगली हाय पोरी. पण गिऱ्हाइकाला घरी धाडणारं सरबत हाटेलात ठेवून मी काय करू?”

मला रडू आलं. काउंटर गेलं म्हणून नाही. सगळ्यांना वाट बघणारं कुणीतरी आठवलं, अगदी त्या एकट्या बाईंनासुद्धा, आणि मला तेवढं कुणी नाही, याचं फार वाईट वाटलं.

उन्हं उतरत होती. फडकं परत करायला शबानाच्या घरी गेले, तर ती उंबऱ्यावर बसलेली. शेजारी एक ताट, वर दुसरं पालथं घातलेलं. मी विचारलं, हे कुणाचं?

“ठाऊक न्हाई, वैशालीताई. सगळे जेवून झाले. मग मी अजून एक ताट वाढलं अन् हितं बसले. दुपारपासून उठूच वाटून न्हाई राहिलं.”

तिच्या मागे अंगणात एक मोठी कुंडी होती, सगळा सब्जा खुडलेला, नुसते खुंट. तिच्या सासूने, अम्मींनी लावलेला, असं तिने सांगितलं. घरातलं शेवटचं माणूस परत येईपर्यंत अम्मी जेवायच्या नाहीत, ताट झाकून इथेच बसायच्या. त्या गेल्यापासून दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, शबाना याच कुंडीतली मूठभर पानं त्यांच्या कबरीवर नेते. माझा पडलेला चेहरा बघून सकाळी तिने सगळी खुडून दिली.

लॉनवर काय घडलं, यातलं अक्षरही मी तिला अजून सांगितलं नव्हतं.

माझे पाय मात्र तिथे थांबले. दुपारपासून पहिल्यांदा. मी खाली बसले, तिने वरचं ताट उचललं. खिचडी आणि चिंचेचा खट्टा होता, पार गार. मी सगळं खाल्लं.

नंतर मी दुकानातला सब्जा घालून तेच ड्रिंक एका साखरपुड्यात दिलं. लोक प्यायले, जेवले, नाचले. कुंडीतला सब्जा आता पुन्हा फुटलाय, शबाना म्हणते, घेऊन जा, पण मी हात लावत नाही. काय होतं ते, मला कळलेलं नाही.

परवा पुण्याहून पुन्हा फोन आला. मी येणार नाही म्हटलं, तर त्यांनी कारण विचारलं. सांगण्याजोगं पक्कं काम असं काहीच नव्हतं हातात. घरी ताट झाकून बसलंय कुणीतरी, असं मी बोलून गेले. फोन आला त्या दिवशी सब्जाचं एक पानसुद्धा माझ्या तोंडात गेलं नव्हतं. मग हे कुठून आलं, ते मला अजून सांगता येत नाही.