बारा पॉइंट सहा

आमच्या गाडीची ठणठणीत बॅटरी मी स्वतः, भर दुपारी, अत्यंत शास्त्रीय पद्धतीने मारली. त्यात दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता. (यजमानांचा होता, पण तो नुसता किल्लीवर होता, आणि तोही माझ्या आज्ञेने.)

मी बेळगावात तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या मंडळींनी वर्गणी काढून मला वीज मोजायचं एक मल्टीमीटर भेट दिलं. इतरांना शाल मिळते, मला मीटर! मी किती भारावले म्हणून सांगू. तेव्हापासून गल्लीतली एकही गाडी मी मोजल्याशिवाय सोडली नाही. आकडे मला तोंडपाठ होते. गाडी बंद असताना बॅटरीवर बारा पॉइंट सहा व्होल्ट, म्हणजे तिचं पोट भरलेलं. बाराच्या खाली, म्हणजे उपाशी. गाडी चालू केली की पावणेचौदा ते साधारण साडेचौदा, म्हणजे अल्टरनेटर इमानेइतबारे तिला वीज भरवतो आहे. पंधराच्या वर गेला, तर तो तिला कोंबून कोंबून भरवतो आहे आणि बॅटरी आतून उकळून मरणार!

त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्याच गाड्या पंधराच्या वर दाखवत होत्या. कुणाही माणसाच्या मनात शंका यायला एवढं पुरेसं होतं. माझ्या मनात शंका आली नाही, दया आली. शेजारच्या देसाईंना तर मी अल्टरनेटर उतरवून दुरुस्तीला टाकायला लावला.

अशात निपाणीला जायचं ठरलं. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्तींचं, त्या दिवशी एकाशन होतं. आम्ही जैन. एकाशनाला दिवसातून एकदाच जेवायचं आणि दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. वय पंच्याऐंशी, पण नेम मोडणार नाहीत. निपाणीहून वन्संचा फोन आला होता, "आई, आजचं जेवण माझ्या हातचं. हुग्गी करतोय." हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आत्तींचा जीव की प्राण. म्हणून सकाळपासून त्या पोटात काही न घालता बसल्या होत्या. दोनला निघायचं, चारला ताटावर बसायचं, असा साधा बेत होता.

हिवाळा असल्यामुळे दिवस सहालाच मावळतो, हे मला ठाऊक होतं. विज्ञान शिकवलंय ना!

तीनच्या सुमारास संकेश्वरजवळ मी गाडी रसवंतीच्या बाजूला घ्यायला लावली.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. लांबचा प्रवास आहे, एकदा मोजते."

"अगं, गाडी पळतीया की बेस!"

"पळणं हा पुरावा नव्हे," मी म्हटलं आणि बॉनेट उघडलं.

चालू गाडीवर मीटरने दाखवलं सोळा पॉइंट आठ. गाडी बंद करून पाहिलं, तर चौदा पॉइंट नऊ! मी मीटर ह्यांना दाखवायला आणलं, तशा आत्ती मागच्या काचेतून त्याच्या पडद्याकडे वाकून बघू लागल्या.

"विमल, त्या कोपऱ्यात काय गं ते लुकलुकतंय?"

"आत्ती, ते बॅटरीचं चित्र. बॅटरी मोजतेय ना मी, म्हणून ते येतं."

"मागल्या वर्षी न्हवतं ते."

"मागच्या वर्षी तुमचं लक्ष नसेल."

मी निदान केलं, बॅटरीत जादा वीज साठली आहे. शेतात पाणी जास्त झालं तर बांध फोडून काढून देतात, तसं इथेही जादाचं काढून द्यायला हवं. मी हुकूम सोडला, "गाडी बंदच ठेवा. पण दिवे लावा, पंखा मोठा करा, वायपर, इंडिकेटर, रेडिओ, सगळं लावा!"

भर उन्हात, उभ्या गाडीचे दिवे ढणाढणा पेटले. कोरड्या काचेवर वायपर कुरकुरत फिरू लागले. येणारा-जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला हाताने खूण करून जाई, "लाइट, लाइट!" ह्यांनी आधी दहा जणांना मान हलवून दाखवली, मग तोंडावर टॉवेल घेतला. रसवाला येऊन म्हणाला, "काकू, लाइट चालू ऱ्हायलाय." मी त्याला व्होल्टेज समजावून सांगितलं. तो परत आला नाही.

आकडा उतरत होता. चौदा पॉइंट दोन. तेरा पॉइंट सहा. दर दहा मिनिटांनी मी मोठ्याने वाचत होते. सव्वाचार झाले तेव्हा वन्संचा फोन आला, "कुठं हायसा गं वैनी? हुग्गी गार व्हायलीया!"

"आलोच. बॅटरी जरा ताळ्यावर आणतेय."

आणि आला! बारा पॉइंट सहा! बरोब्बर पुस्तकातला आकडा. मी टाळी वाजवली. "करा आता चालू!"

ह्यांनी किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक टिक. मग तेही बंद झालं.

"बारा पॉइंट सहा हाय न्हवं?" ह्यांनी शांतपणे विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात मला त्यांची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

रसवाल्याने रस्त्यापलीकडच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून आणलं. तो एका खांद्यावर दुसरी बॅटरी, दुसऱ्या खांद्यावर जाड वायरी टाकून आला. त्याने आधी आपलं मीटर लावलं. दहा पॉइंट सहा. मग माझं लावलं. बारा पॉइंट सहा. त्याने माझं मीटर उलटं केलं, मागचं झाकण स्क्रू काढून उघडलं, आतला चौकोनी सेल काढला आणि जिभेच्या टोकाला लावला.

"काय बी न्हाय यात. सेल कवा बदललासा?"

"त्यात सेल असतो?" ह्यांनी विचारलं. मी विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, हे त्यांचे उपकारच.

"व्हय की! हे कोपऱ्यातलं चित्र त्याचंच. सेल उतरला की हे मीटर कमी न्हाय, जास्तीच दाखवतंय बघा. आत काय न्हाय, आणि वर आकडा मोठा!"

मोजायच्या आधी मोजायचं साधन तपासा, हे वाक्य मी तीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत आले.

"देसायांना फोन लावू का?" ह्यांनी विचारलं. मला रस्त्यापलीकडे उसात जाऊन बसावंसं वाटलं.

वायरी जोडून गाडी सुरू झाली तेव्हा सव्वापाच वाजले होते. अजून वेळ होता. पण साखर कारखान्याचा हंगाम! पुढे उसाचे ट्रॅक्टर, एकेकामागे दोन दोन ट्रॉल्या, मुंगीच्या पावलाने चाललेले. मी व्होल्ट सोडून आता सूर्य मोजत होते. तवंदी घाटात तो डोंगरावर टेकला होता. आत्ती मागे बसून णमोकार मंत्र म्हणत होत्या.

निपाणीत दारात गाडी थांबली. वन्सं पाट मांडून, ताट वाढून उभ्या होत्या. आत्ती उतरल्या, पाय धुतले, पाटाकडे आल्या आणि एकदा पश्चिमेकडे बघितलं.

"गेला," त्या म्हणाल्या. आणि ताटाला नमस्कार करून मागे फिरल्या.

मला रडू आलं. पंच्याऐंशी वर्षांची बाई माझ्यामुळे उद्या सकाळपर्यंत निरंकार! वन्संनी मला ताट दिलं, पण मी ते परत केलं. मीही तशीच झोपले.

सकाळी दिवस उगवल्यावर वन्संनी हुग्गी गरम करून आणली. आत्तींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, दोन वाट्या संपवल्या. मग मला जवळ बोलावलं.

"विमल, ते मशीन तू इकत आणलंस?"

"नाही आत्ती. शाळेतल्या लोकांनी दिलं, निवृत्तीच्या दिवशी."

"किती वर्सं हुती ती माणसं तुज्यासंगं?"

"तीस."

आत्तींनी तिसरी वाटी पुढे केली आणि समाधानाने मान डोलावली.

"मग बराबर वळखून दिलंय."