एक जूनने गिळलेली पोरगी

मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

आमच्या गोरेगाव खेड्याजवळच्या तांड्यावरच्या माझ्या दोन विद्यार्थिनी, चुलत बहिणी सोनाली आणि सोनम राठोड, जलतरण स्पर्धेत पोहून आल्या. निकालाची फाइल आली, तर सोनमचं नावच नाही.

सकाळपासून त्या फाइलची एकेक ओळ तपासत बसलो. शेवटी कळलं. जन्मतारखेला नावाची पहिली अक्षरं जोडून सॉफ्टवेअर खेळाडू ओळखतं. दोघींचं सगळं सारखं निघालं, म्हणून त्यानं एकच पोरगी धरली.

आयोजक फोनवर म्हणाले, "तारीख बराबर भरायची ना सर."

दाखल्यावरचीच भरली. दोघींची एकाच वर्षातली एक जून. घरच्यांना तारीख आठवेना, तेव्हा शाळेत नाव टाकताना मीच लिहिली होती.

सोनम विचारते, "सर, मग मी पोहलेच न्हाई का?"

माझीही एक जूनच आहे. तुमच्यात किती जणांची?