पाठ हलली पाहिजे

अख्ख्या जर्मनीत हौसेने पडणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. म्हणजे वरच्या मजल्यावर. इथे लोक पडत नाहीत हो. बर्फात चालायचे बूट वेगळे, डोंगरावर चालायचे वेगळे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. पडायला म्हणून वाव ठेवलेला नाही. आमचे वरचे आजोबा मात्र रोज पडायचे. जिन्यात पडायचे, बागेतल्या बाकावरून पडायचे, आणि आमच्या स्वयंपाकघरात तर सपाट फरशीवर, कशालाही न अडखळता पडायचे. पडून झालं की आधी टोपी उचलून विचारपूर्वक झटकायची, मग स्वतःला. आम्ही म्युनिकजवळ गार्चिंगला नवीन राहायला आलो तेव्हा धाडकन आवाज ऐकून मी जिन्यात धावले, तर हे उताणे, छातीवर टोपी, आणि मला बघून अगदी निवांतपणे 'गुटन मॉर्गन'. मी आधी रडायच्या बेतात होते, मग मला जे हसू फुटलं ते थांबेचना. आजोबांनी मला जरा वेळ न्याहाळलं आणि निराशेने मान हलवली. पुढे कळलं की त्यांच्या लेखी मी 'सोपी' होते. माझं हसणं धरायचं नाही. ही बाई लिफ्टच्या आवाजालासुद्धा हसते, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, आणि तो शहाणा 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला.

आजोबा मूळचे आर्मेनियाचे आणि तिकडच्या सिनेमातले विनोदी नट. आता ही सगळी हकीकत त्यांनीच मोडक्या जर्मनमध्ये सांगितलेली, त्यामुळे निम्मी सोडून द्या. उरलेली निम्मीसुद्धा भरपूर आहे. त्यांना सिनेमातलं पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. युद्धाचा मोठा गंभीर सिनेमा होता आणि यांचा चेहरा जन्मतःच दुखवट्याचा, म्हणून निवड झाली. ऐन शॉटमध्ये नाकावर माशी बसली. प्रेताने बाकी काही केलं नाही, फक्त एक भुवई उडवून तिला हाकललं. दिग्दर्शक खवळला, पण कॅमेरामन इतका हसला की कॅमेरा हलला, आणि त्या दिवसापासून आजोबांचा जम बसला तो बसलाच. टपालवाले, ट्रॅक्टरवाले, नवरीचे मामा, रुसलेले व्याही, सगळं त्यांनी केलं. नायक कधीच झाले नाहीत. नायक नायिकेला घेऊन पळायचा आणि हे मागे नदीत पडायचे. मी पडलो नाही अशी एकही नदी आर्मेनियात उरलेली नाही, असं ते छाती काढून सांगायचे. पडताना लागू नये म्हणून त्यांच्या पँटीत आतून उशी शिवून द्यायची ती कपडेपटातली एक मुलगी. तिच्याशीच त्यांनी लग्न केलं. का, तर म्हणे, जिने माझी इतकी काळजी मागून घेतली ती पुढूनही घेईल.

या बायकोवरच त्यांचं सगळं काम चालायचं. नवीन काही सुचलं की ते आधी घरी करून बघायचे, तेही ती चुलीशी उभी असताना, तिच्या पाठीमागे. चष्मा काढून खिशात ठेवायचा, कारण कॅमेऱ्यासमोर चष्मा चालत नसे, आणि मग टोपीशी भांडण, खुर्चीशी कुस्ती, जे असेल ते. ती चोरून एकदा बघायची आणि तोंड फिरवायची. पाठ हलली तर ती जागा सिनेमात राहायची, नाही हलली तर गेली. चेहरा सभ्यपणाने खोटं बोलतो, पाठीला ते जमत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. ती वारली, मुलीने त्यांना इकडे आणलं. मुलगी इथल्या संशोधन संस्थेत, सकाळी जायची ती अंधार पडल्यावर उगवायची. आणि आजोबा पाठ शोधत गावभर फिरायचे.

जर्मन पाठींनी त्यांची फार निराशा केली. सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या माणसाच्या मागे त्यांनी एका काकडीशी असा काही गंभीर संवाद केला की मी हसून भिंतीला टेकले. तो माणूस वळला आणि त्याने आजोबांना रांगेत आपल्या पुढे जागा दिली. ऊ-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनात तर हे आपला सर्वोत्तम प्रकार करायला गेले, तीन पायऱ्यांवरून घसरत येऊन शेवटी टोपी डोक्यावर झेलायची, असा. टोपी बरोबर डोक्यावर आली. तेवढ्यात दोन विद्यार्थ्यांनी त्यांना धरून कुशीवर झोपवलं, अंगावर जाकीट घातलं, आणि एका बाईने ॲम्ब्युलन्स बोलावली. प्रेक्षक फार चांगले होते, आजोबा मला म्हणाले, फक्त त्यांनी मला वाचवलं. मग मी म्हटलं, चला म्युनिकच्या तुमच्या आर्मेनियन वाण्याकडे. तोपर्यंत हे खरंच नट होते की काय याबद्दल मलाही शंकाच होती. तिथे तो पहाडासारखा वाणी यांना दारात बघूनच हसायला लागला, यांनी तोंड उघडायच्या आत. मग डोळे पुसायला लागला. आतून त्याची आई आली, तिने यांचे दोन्ही गाल धरले. मी म्हटलं, आजोबा, झालं ना समाधान? तर परत येताना गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते हसू नाही. ती पेन्शन आहे."

हे असंच चाललं असतं, पण आर्मेनियाच्या राजधानीतून, येरेवानहून फोन आला. कुणी तरुण दिग्दर्शक, त्याच्या सिनेमात नवऱ्या मुलाच्या आजोबाचं काम होतं, आणि त्याला हेच हवे होते. जर्दाळू पिकतात तेव्हा शूटिंग. आजोबा आठ दिवस हवेत होते, मग एकदम जमिनीवर आले. मला म्हणाले, लोक जुन्या ओळखीने हसतील, पण मी अजून हसवतो की नाही ते मलाच माहीत नाही. मला न ओळखणारी एक पाठ हलली तर जाईन. नाही तर तिकडे सगळ्यांसमोर केविलवाणा होण्यापेक्षा इथे कुशीवर झोपलेला बरा. हे सांगताना टोपी हातात होती आणि ती त्यांनी एकदाही झटकली नाही.

आणि एप्रिलमध्ये, नेमक्या भीमजयंतीच्या आधी, नागपूरहून माझ्या सासूबाई आल्या. आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. ताठ कणा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि हसण्याच्या बाबतीत हात फार आखडता. आल्या आल्या त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नागपूरहून आणलेलं स्टीलचं मोठं ताट आरशासारखं घासून शेगडीच्या मागे भिंतीला टेकवून उभं केलं. घर सोडताना घरमालक भिंतीवरचा डागन् डाग दाखवतो हे मीच त्यांना सांगितलं होतं, त्यामुळे मी खूश झाले. जिन्यात आजोबांची गाठ पडली तेव्हा आईंनी हात जोडून जय भीम केला. आजोबांनी टोपी काढून तो असा काही परत केला की तेव्हापासून ते पोस्टमनपासून इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरपर्यंत सगळ्यांना जय भीमच घालायला लागले. मग ते आमच्याकडे कॉफीला आत आले, आणि त्यांना शेगडीशी भाकरी थापणारी आईंची पाठ दिसली. चष्मा खिशात गेला. मी काय ते समजले.

मग सुरू झालं. रोज सकाळी आजोबा आपलं कॉफीचं पितळी भांडं घेऊन हजर. एक दिवस अदृश्य माशी, एक दिवस खुर्चीत अडकलेला पाय, एक दिवस भाकरीचा पापुद्रा चोरून तोंड भाजलेला चोर. मी टेबलाखाली तोंड घालून हसायचे. आईंची पाठ म्हणजे शाळेची भिंत. मी आजोबांना म्हटलंसुद्धा, अहो, त्या मागे वळूनच बघत नाहीत तर हसतील कशा? ते म्हणाले, बघेल, मागे काय चाललंय ते न बघता कुठलीही बाई राहू शकत नाही. आई मात्र ते गेले की तेवढंच विचारायच्या, या गृहस्थांना घरी काही काम नाही का? पण भाकरी एक जास्त व्हायला लागली, आणि त्यांना उशीर झाला की आई घड्याळाकडे बघून म्हणायच्या, आज शाळा बुडवली वाटतं.

जून उजाडला. आईंचा व्हिसा संपत आला, येरेवानचे फोन वाढले आणि आजोबा यायचे थांबले. मुलगी जिन्यात भेटली, म्हणाली, बाबा उद्या येरेवानला 'नाही' म्हणून कळवणार आहेत. त्या संध्याकाळी माझा धीर सुटला आणि मी आईंना सगळं सांगितलं, कपडेपटातल्या मुलीपासून ते त्यांच्या स्वतःच्या पाठीपर्यंत. आई ताट घासत होत्या. हात थांबला.

"अगं, आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. "फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून माझी अख्खी नोकरी गेली. मागे पोरी काय काय करायच्या! आपण हसलो की वर्ग गेला. ही पाठ हलू नये म्हणून मी आयुष्यभर घडवली आहे, आणि त्यांनी नेमकी हीच निवडली?"

मी म्हटलं, मग उद्या त्यांच्यासाठी म्हणून थोडी हलवा ना. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाक सोडून उभं राहावं. "खोटे मार्क मी कुणाला दिलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "बोलाव त्यांना सकाळी."

आजोबा आले ते निरोप घ्यायलाच. कॉफीचं भांडं नाही, पडणं नाही, साधे चालत आले. काही करायचंच नव्हतं म्हणून चष्मासुद्धा डोळ्यांवर होता. खुर्चीत बसले आणि आईंच्या पाठीला जर्मनमध्ये म्हणाले, फार चांगली भाकरी होती, आभारी आहे. मी मराठीत सांगितलं. पाठ ताठ. मला वाटलं, संपलं. आणि आजोबा उठता उठता थबकले. त्यांची नजर आईंच्या खांद्यावरून शेगडीमागच्या ताटावर गेली होती. त्या लखलखीत ताटात आईंचा चेहरा होता, आणि आईंचे डोळे सरळ त्यांच्याकडे बघत होते. इतके दिवस भिंतीसाठी म्हणून उभं केलेल्या त्या ताटातून मुख्याध्यापिका बाई रोज अख्खा खेळ बघत होत्या, आणि बिनचष्म्याच्या आजोबांना त्याचा पत्ता नव्हता.

आजोबांनी काही केलं नाही. त्यांची फक्त एक भुवई वर गेली, प्रेताची. मग त्यांनी टोपी काढली आणि ताटाला वाकून जय भीम घातला.

आधी आईंचा डावा खांदा हलला. मग उजवा. मग हातातली भाकरी परातीत पडली, पाठ गदागदा हलायला लागली, आणि त्या ओट्याला धरून खाली बसल्या, पदराने डोळे पुसत, "अगं बाई, अगं बाई" करत. मी आजोबांकडे बघितलं. ते हसत नव्हते. ओठ घट्ट मिटून, टोपी छातीशी धरून उभे होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मग त्यांनी टोपी झटकली, आणि खिशातून फोन काढून माझ्या स्वयंपाकघरातूनच येरेवानला ओरडून काहीतरी सांगितलं. भाषा कळली नाही, पण मजकूर कळला.

त्या आठवड्यात दोघंही गेले, आई नागपूरला आणि आजोबा येरेवानला. मुलगी सांगत होती की कपडेपटातल्या मुलीने शिवलेली शेवटची पँट त्यांनी सगळ्यात वर भरली होती. सिनेमा झाला, पण आजोबा परत आले नाहीत. तिकडेच आपल्या गावात राहिले आहेत. तिथे म्हणे पाठी पुष्कळ आहेत. मला आनंदच आहे. पण वरच्या मजल्यावर आता कुणी पडत नाही, आणि इतकी शांतता मला खरंच सहन होत नाही. आई फोनवर सगळ्यांची चौकशी करून झाली की शेवटी, जसं काही आत्ताच आठवलं, तसं विचारतात, "आले का गं ते?" मी नाही म्हणते. त्या म्हणतात, बरं, आणि फोन ठेवतात.

ताट त्या इथेच ठेवून गेल्या. मी ते घासूनपुसून शेगडीमागे उभं ठेवते. त्यात मागचं दार दिसतं. पोळ्या लाटताना मी मधूनच बघते, आणि पाठ अगदी सैल सोडून उभी राहते, न जाणो.