हात न लावलेलं ॲप

नोकरी सोडून मी एक ॲप बनवलं. औषधाची वेळ झाली की ते आठवण करून देणार, गोळी घेतली की बटण दाबायचं, एवढं साधं. पण ॲप स्टोअरचा नियम असा की नवख्या, एकट्या माणसाचं ॲप आधी डझनभर लोकांनी सलग दोन आठवडे फोनवर ठेवायचं. मगच ते सगळ्यांसाठी खुलं करायचं की नाही, ते स्टोअर ठरवणार. मग माझ्यासारखे लोक ‘तू माझं ठेव, मी तुझं ठेवते’ म्हणणारे अनोळखी लोकांचे गट इंटरनेटवर शोधतात. मीही शोधत होते.

आईला ते अजिबात पटलं नाही. “परक्यांपुढे कशाला तोंड वेंगाडतेस? परवा आपल्याकडे हळदीकुंकू आहे ना!”

वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत बायका जमल्या. आई कुंकू लावायची, वाण द्यायची आणि लगेच फोन मागायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी शिकलेली मुलगी, आणि आई तिच्यासाठी दारात आलेल्या बायकांना गळ घालतेय! त्याच रागात मी एकेकीच्या फोनमध्ये ॲप टाकलं आणि तुटकपणे सांगितलं, “दोन आठवडे हे काढायचं नाही. काही हलवायचं नाही.”

दोन आठवडे झाल्यावर स्टोअरचं उत्तर आलं: लोकांनी ॲप वापरलेलं दिसत नाही, पुन्हा चाचणी घ्या. मी आईवर उखडले. “तुझ्या बायकांनी एकदाही उघडलं नाही ते!”

“उघडायचं होतं?” आई गोंधळली. “तूच म्हणालीस ना, हलवायचं नाही म्हणून? मी सगळ्यांना बजावलं, नवरात्रात घट बसवल्यावर आपण हलवतो का? तसंच ठेवा, हात लावू नका.”

वापरा, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या बायकांचे फोन कधी एकदा परत देते, असं मला झालं होतं. आता स्वतःचीच लाज वाटली.

पुन्हा विनंती करायला आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. टेबलावर नव्या फोनचं खोकं होतं, न उघडलेलं. डोंबिवलीहून मुलाने आणून दिलेला फोन. त्यांच्या हातातल्या जुन्याची काच तडकली होती, कॅमेरा बंद पडला होता.

“नवा सुरू नाही केलात?”

“अगं, तुझं ते जुन्यात आहे ना! म्हटलं, होऊ देत दोन आठवडे. नातू रुसलाय, व्हिडिओ कॉलवर आजी दिसत नाही म्हणून. झालं ना गं काम?”

खरं सांगायला हवं होतं.

“हो, झालं,” मी म्हणाले.

काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि कात्री आणून खोकं उघडायला घेतलं. पुन्हा मागायला मला तोंडच उरलं नाही.

वर आले तर आई शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायकांना विचारायला निघाली होती.

“काकू हो म्हणाल्या ना?” चपला घालता घालता तिने विचारलं.

साखर अजून माझ्या मुठीतच होती.