सत्काराचा शनिवार

शाळेची बस बंद झाली म्हणून मी स्कूल ट्रस्टीच्या, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या सभासदाच्या, निवडणुकीला उभी राहिले. बोर्डाने नकाशावर अंतर मोजलं आणि आमची वस्ती चालत येण्याजोगी ठरवली. मोजणाऱ्याने मधला रस्ता पाहिलाच नसावा. ब्रॅम्पटनच्या गोदामांकडे जाणारे ट्रक दिवसभर त्याच रस्त्याने धडधडत जातात, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तो रोज दोनदा ओलांडावा लागतो. मी बोर्डाला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच गुळगुळीत उत्तर आलं. माझं डोकं फिरलं आणि मी अर्ज भरला.

राजकारणातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कामावरून आले की दारोदार फिरायचे. निम्म्या लोकांना ट्रस्टी म्हणजे कोण हेच ठाऊक नव्हतं. महापौर, नगरसेवक निवडायच्या मतपत्रिकेवरची ती जागा ते कोरीच सोडत. एका पंजाबी ट्रकवाल्याने मात्र हिंदीत शांतपणे सांगितलं की त्याच्या सीटवरून समोरचं लहान मूल दिसतच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी सगळी भिस्त इथल्या मराठी मंडळातल्या लोकांवर होती. निवृत्त डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. इथे येऊन जन्म गेला, सगळे नागरिक. मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही काका म्हणतो. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की तुम्ही बरेच जण थंडीच्या आधी पुण्याला निघता, मतदानाच्या दिवशी इथे नसाल, तेव्हा अ‍ॅडव्हान्स व्होटिंगच्या शेवटच्या शनिवारीच मत देऊन टाका. काकांना कल्पना फारच आवडली. त्यांनी कम्युनिटी सेंटरचा वरचा हॉल घेतला. मतदान त्याच इमारतीत, तळमजल्यावर, सहा वाजेपर्यंत. आधी छोटासा कार्यक्रम, मग सगळ्यांनी मिळून खाली जायचं.

छोटासा कार्यक्रम म्हणजे माझा सत्कार. निवडून यायच्या आधीच! चारचा कार्यक्रम पावणेपाचला सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ. मग भाषणं. पूर्वी या गावात कोथिंबीर कशी मिळत नसे, हे एका डॉक्टरांनी वीस मिनिटं सांगितलं. मला समाजाची लेक म्हणून झालं, समाजाची शान म्हणून झालं. बसबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. साडेपाचला मी काकांकडे चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती वाचली, मान डोलावली आणि आणखी एकाच्या हाती माइक दिला.

आणि मी? मी बसून राहिले. भर पावसात परक्यांची दारं ठोठावणारी मी, वडीलधाऱ्यांना मध्येच कसं तोडायचं म्हणून शाल सावरत हसत राहिले. त्यांच्याइतकाच मला माझाही संताप येतो, आजसुद्धा. आभार आणि ग्रुप फोटो उरकून आम्ही खाली पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. तिथल्या बाई दाराला कुलूप लावत होत्या. त्यांनी सॉरी म्हटलं, अगदी मनापासून.

"अगं, डोन्ट वरी," काका म्हणाले, "मेन डे आहे ना अजून."

त्या दिवशी त्यांच्यातले निम्मे पुण्यात पोचलेले होते.

मी हरले, अगदी थोडक्या मतांनी. त्या हॉलमध्ये याहून जास्त खुर्च्या भरल्या होत्या.

आठवड्याभराने काकांचा पुण्याहून फोन आला. आवाज प्रसन्न होता. तू लढलीस हेच मोठं, म्हणाले. "चार वर्षं काय, बघता बघता जातात. नेक्स्ट टाइम आपण जोरात कॅम्पेन करू."

"काका, चार वर्षांनी माझी मुलगी त्या शाळेत नसेल," मी म्हणाले. "रस्ता तिला उद्या सकाळी ओलांडायचाय."

तिकडे बर्फ पडायला लागला का, असं त्यांनी विचारलं. मी फोन ठेवून दिला.