पऱ्हाटीची साखर

पऱ्हाटीपासून साखर करायला निघालेला माणूस अख्ख्या अमरावतीत एकच होता, आणि तो नेमका माझ्याकडे भाड्यानं राहायला आला. कॉलेजात रसायन शिकवायचा. पऱ्हाटी म्हणजे कापूस निघाल्यावर उरलेल्या काड्या, लोक त्या शेतातच जाळतात. हा त्या आणून खोलीत रचायचा आणि स्वतःचं अंथरूण व्हरांड्यात टाकायचा. काड्यांचा अर्धवट कोळसा करायचा, त्यात तेजाब मुरवायचा, मग ती काळी भुकटी माझ्या मोरीवर दिवसभर धूत बसायचा. एवढं पाणी लग्नघरीही लागत नाही. "मावशी, तेजाब कोळशाले धरून बसते," तो सांगे. "काडीचा भुसा, पाणी अन् हे भुकटी बंद भांड्यात तापवली का साखर उतरते. मंग भुकटी गाळून घ्या, परत वापरा." मी म्हटलं, "दुकानात पोत्यानं साखर हाय." "खायाले नाही, तिच्यापासून गाडीचं इंधन कराचं हाय." हे सांगताना तो बिनसाखरेचा चहा पीत होता. साखर आणायची विसरला होता.

पुढं वापरून वापरून भुकटी मेली, अशी धास्ती त्यानं घेतली. तशात दर्यापूरहून बाप आला. त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं, आणि म्हाताऱ्याला वावर पाहायला माणूस हवा होता. "उद्या सामान बांध," त्यानं सांगितलं. "तुही साखर तं काई होऊन नाही राहिली." सकाळी म्हातारा मोरीवर गेला. वाटीत काळी भुकटी दिसली. आमच्याकडे काळी भुकटी म्हणजे राखुंडीच, त्यानं निवांत दात घासले आणि ओरडला, "काय बे हे मंजन! चिंचेवानी! दातच आंबले!" मुलगा धावला, चुळा भरायला लावल्या, आणि मग डोळे चमकवत विचारू लागला, "खरंच आंबट हाय का बाबा? नीट सांगा!"

"आता का परत घासू?"

"म्हंजे तेजाब अजून धरून हाय, भुकटी जित्ती हाय!" म्हणत तो अंगणभर नाचला. उरलेली भुकटी त्यानं लगेच भांड्यात चढवली. संध्याकाळी गाळलेल्या पाण्याचे थेंब काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात टाकून तापवले, तर औषध विटकरी झालं. साखर उतरली की तसं होतं म्हणे. म्हातारा नळीकडे पाहत राहिला.

"किती झाली?"

"चमचाभर बी नाही."

"मंग राह्य. अर्धं सोडून आलेला माणूस वावरात तरी का कामाचा?" असं म्हणून तो एकटाच बसमध्ये चढला.

नंतर दर हंगामाला दर्यापूरच्या बसच्या टपावरून पऱ्हाटीची मोळी यायची, माती झटकलेली. एका वर्षी म्हातारा गेल्याचा निरोप आला. हा गावी गेला, दिवसकार्य उरकून परतला, तेव्हा बापानं बांधून ठेवलेली मोळी खांद्यावर होती. ती त्यानं व्हरांड्यात उभी केली. साखरेचं काम चालूच आहे, पण काड्या दुसऱ्यांच्या वावरातल्या आणतो. त्या मोळीची गाठ सोडत नाही. येता-जाता पदर अडकतो तिच्यात. मी पदर तेवढा सोडवून घेते.